आधी काय, मग काय

संगणकावर अनेक पॅकेजेस बसवायची असतील तर त्यांचा क्रम ठाऊक असण्याची आता गरज उरलेली नाही, असे एक मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. एक आज्ञा द्यावी, काय हवे ते यंत्राने ओळखून आणावे, ज्याच्या आधी जे लागते ते आधी बसवावे, आणि आपण तोवर चहा घेऊन यावे. हे मत मांडणारे बहुतेक जण याच व्यवसायात पोट भरणारे असतात, म्हणून त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. क्रम लावण्याचे कष्ट यंत्राकडे सोपवायला आमची ना नाही. पण त्या क्रमाचे ज्ञानही आपण यंत्राकडे सोपवले आहे असे जे समजतात, त्यांनी ते कोणाकडेच सोपवलेले नसते. ते त्यांनी टाकून दिलेले असते.

हा क्रम असतो तरी कशाचा, ते आधी पाहू. जीसीसी हा कंपायलर घ्या. माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राला कळेल अशा सूचनांत रूपांतर करणे हे त्याचे काम. त्याला आकडेमोडीसाठी तीन लायब्ऱ्या लागतात: जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी. जीएमपी वाटेल तेवढ्या मोठ्या संख्या हाताळते. एमपीएफआर तिच्या आधाराने अपूर्णांकी संख्यांचे हिशेब हव्या तितक्या अचूकतेने करते. आणि एमपीसी या दोघींच्या आधाराने संमिश्र संख्यांचे. म्हणजे जीएमपी, मग एमपीएफआर, मग एमपीसी, आणि त्यानंतर जीसीसी. एमपीसी आधी बांधू पाहाल तर जीएमपी सापडत नाही म्हणून ती पहिल्याच पायरीवर थांबेल. इथवर गोष्ट सोपी आहे आणि इथवरचीच गोष्ट सर्वांना माहीत असते: चुकीचा क्रम म्हणजे अडलेले काम, आणि अडलेले काम यंत्राला समजतेच.

पण खरा प्रश्न या सोप्या गोष्टीच्या पलीकडे सुरू होतो. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हा ग्रंथ ज्यांनी एकदा तरी हाताखालून घातला आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. स्वयंसेवक त्याच्या नव्या आवृत्त्या आजही काढत असतात. चालू स्थितीतल्या एखाद्या लिनक्स यंत्रावर बसून, सुमारे ८० पॅकेजेसचा मूळ स्रोत आणून, स्वतःच्या हाताने एक नवी, स्वतंत्र कार्यप्रणाली उभी करण्याचा मार्ग तो दाखवतो. (या ग्रंथाने वेळ मोजण्याचे स्वतःचे एकक केले आहे. पहिले पॅकेज, म्हणजे बिनयुटिल्स, तुमच्या यंत्रावर बांधायला जेवढा वेळ लागेल तो एक एकक, आणि पुढच्या प्रत्येक पॅकेजचा वेळ त्याच्या पटीत. ज्याचे यंत्र जुने त्याचे घड्याळही संथ. आम्हांला ही सोय फार आवडते.)

आता बिनयुटिल्सच पहिले का? त्यात असेंब्लर आणि लिंकर असतात, आणि ते कंपायलरला लागतात, हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही. ग्रंथाने दिलेले कारण अधिक महत्त्वाचे आहे. जीसीसी आणि जीलिबसी या दोघांचीही बांधणी सुरू होते तेव्हा ते हाताशी असलेल्या असेंब्लरची व लिंकरची परीक्षा घेतात, आणि त्यांना काय जमते ते पाहून स्वतःची कोणती अंगे चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची ते ठरवतात. म्हणजे पायाचे पॅकेज चुकीचे असेल तर काम अडेलच असे नाही. वरचे पॅकेज निमूटपणे उणे होईल. शेवटी 'काम यशस्वी' असाच संदेश येईल. पडद्यावर तांबडे अक्षर उमटणार नाही. आणि आपल्या पदरात पडले ते नेमके काय, हे आपल्याला कधीच कळणार नाही. क्रमाने केवळ बसवण्याची वेळ ठरत नाही. जे बसले त्याचे स्वरूपही ठरते. आमच्या सगळ्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

त्याच ग्रंथातली दुसरी गाठ पाहा. जीलिबसी ही सी भाषेची मूलभूत लायब्ररी. ती बांधायला जीसीसी हवा. आणि पुरता जीसीसी बांधायला जीलिबसी हवी. दोघेही एकमेकांच्या आधी पाहिजेत. ही गाठ सोडवण्यासाठी पहिला जीसीसी जाणूनबुजून अपुरा बांधतात: तुझ्याजवळ कोणतीही लायब्ररी नाही असे त्याला सांगून, पुष्कळ अंगे बंद करून. त्या अपुऱ्या कंपायलरने जीलिबसी बांधायची. मग लिबएसटीडीसी-प्लसप्लस ही लायब्ररी. ती वास्तविक जीसीसीचाच भाग, पण तिला जीलिबसी लागते म्हणून पहिल्या फेरीत तिला बाहेर ठेवावे लागते. त्यानंतर तात्पुरती हत्यारे, त्यांत बिनयुटिल्स आणि जीसीसी पुन्हा एकदा. मग जुन्या यंत्राकडे पाठ करून नव्या घरात शिरायचे आणि तिथे शेवटची, टिकाऊ बांधणी करायची. याच वाटेवर ग्रंथ वाचकाला एक रिकामा कार्यक्रम बांधायला लावतो. तो काहीच करीत नाही. तो फक्त सुरू होताना कोणत्या लोडरला हाक मारतो ते पाहायचे असते. हाक नव्या घरातल्या लोडरला गेली तर पुढे जायचे. नाही तर थांबायचे, कारण यानंतर उभे राहणारे सगळे ज्या जुन्या यंत्रापासून सुटका हवी होती त्याच्याच खांद्यावर उभे राहणार.

यावर कोणी म्हणेल, ही तर पाककृती झाली. मोहरी आधी, हळद नंतर. ही उपमा फार वापरली जाते आणि ती फसवी आहे. मोहरी हळदीवर अवलंबून नसते; दोघी तेलावर अवलंबून असतात. आपल्या परंपरेत जवळचे उदाहरण शोधायचेच तर ते स्वयंपाकघरात न सापडता व्याकरणात सापडेल. पाणिनीच्या अष्टाध्यायीतले सूत्र इतके आखूड असते याचे एक कारण असे, की आधीच्या सूत्रांतली पदे त्यात खाली उतरत येतात. तिला अनुवृत्ती म्हणतात. मधलेच एक सूत्र उचलून वाचू गेल्यास ते निरर्थक वाटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच अर्थ देते. ग्रंथाच्या शेवटच्या तीन पादांत तर व्यवस्था अशी, की पुढच्या नियमाने जे घडवले ते आधीच्या नियमाच्या दृष्टीने घडलेलेच नसते. तिथे स्थान हाच अर्थाचा भाग आहे. क्रम पाठ असल्याशिवाय अष्टाध्यायी येते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तसे म्हणणारे पावलोपावली भेटतात.

आता यंत्राची बाजू. ती आम्ही हातची राखून मांडणार नाही. ज्यांनी नव्वदीच्या दशकात एकेक आरपीएम फाइल हाताने शोधून आणली आहे, एकीसाठी दुसरी आणि दुसरीसाठी तिसरी असे करीत शेवटी पहिलीशीच विसंगत अशी चौथी हाती आलेली पाहिली आहे, त्यांना त्या दिवसांचा मोह उरलेला नाही. १९९९ मध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ॲप्ट आले आणि हा जाच पुष्कळसा संपला. अवलंबनांचा आलेख मांडून त्यातून क्रम काढण्याची रीत तर त्याहून जुनी; आर्थर कान यांनी ती १९६२ मध्येच प्रसिद्ध केली होती. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती निवडावी हा प्रश्न मात्र कितीतरी अवघड आहे. डेबियनसारख्या पद्धतीत तो गणिती दृष्ट्या एनपी-कम्प्लीट या कुप्रसिद्ध वर्गात मोडतो. तरीही यंत्र तो बहुतेक वेळा क्षणार्धात सोडवते. हे कौतुकास्पद आहेच.

पण ते सोडवते कशाच्या बळावर? प्रत्येक पॅकेजबरोबर कोणा माणसाने लिहिलेल्या एका ओळीच्या बळावर. हे पॅकेज अमक्यावर अवलंबून आहे, तमक्याची इतक्याहून जुनी आवृत्ती चालणार नाही, अमुक एकाशी याचे पटत नाही. डेबियनमध्ये आज ६०,००० हून अधिक पॅकेजेस आहेत, आणि त्यांची पत्रिका कोणीतरी माणूस सांभाळतो आहे. तिथल्या नियमांत साधे अवलंबन आणि पूर्व-अवलंबन असा भेद आहे. साध्यात आधाराचे पॅकेज आपली जुळणी होण्यापूर्वी तयार असले म्हणजे पुरते. पूर्व-अवलंबनात आपली पेटी उघडण्यापूर्वीच ते पुरते तयार पाहिजे. हा दुसरा प्रकार इतका जोखमीचा मानला जातो, की विकासकांत जाहीर चर्चा होऊन एकमत झाल्याखेरीज तो लावू नये असा डेबियनचा लेखी संकेत आहे. आधी कोण आणि मग कोण, हे ठरवायला तिथे माणसे एकत्र बसून वाद घालतात. यंत्र त्या वादाचा निकाल अमलात आणते. 'यंत्र पाहून घेते' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही माणसे नसतात.

आणि नसतात म्हणूनच पुढची पायरी इतक्या सहज ओलांडली गेली. २०१३ मध्ये डॉकर आले. कंटेनरची कल्पना वाईट नाही. एकदा नीट बसवलेली सगळी मांडणी जशीच्या तशी गोठवायची आणि कुठेही नेऊन चालवायची. पण गोठवतो आपण परिणाम. कारणे गोठत नाहीत. समर्थक यावर सांगतात की डॉकरफाइलमध्ये सगळा क्रम ओळीने लिहिलेला असतो. असतो खरा, पण तिची पहिलीच ओळ 'अमक्याच्या इमेजपासून सुरुवात करा' अशी असते, आणि त्या अमक्याने आपली इमेज कशापासून सुरू केली ते पाहायला फारसे कोणी जात नाही. दुसऱ्या ओळीत जालावरून ताजी पॅकेजेस आणलेली असतात. ती आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरी. आमच्या माहितीतल्या एका कार्यालयात अशी एक इमेज काही वर्षे विनातक्रार चालत होती. बनवणारा नोकरी सोडून गेला. खालच्या कार्यप्रणालीचे आयुष्य संपले तेव्हा ती नव्याने बांधायला घेतली, आणि बांधली गेलीही; फक्त तिच्यातून निघणाऱ्या अहवालांत मराठी नावे तुटक उमटू लागली. मूळ माणसाने मधल्या एका टप्प्यावर एक लायब्ररी वेगळ्या रीतीने बांधून घातली होती, आणि का, ते कुठेही लिहिलेले नव्हते. काम कुठेही अडले नव्हते. ते उणे झाले होते.

एनपीएमची हकिकत आता सर्वांना पाठ आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने वादातून आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यांतले लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे, शब्दाच्या डावीकडे जागा भरून देणारे पॅकेज होते, आणि ते नाहीसे होताच जगभरच्या बांधण्या कोसळल्या. तिच्यावर हसून झाले आहे. आम्हांला अधिक बोलकी वाटते ती २०२४ ची गोष्ट.

एक्सझेड हे फाइल आवळून लहान करणारे पॅकेज. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या तात्पुरत्या हत्यारांच्या यादीतही ते असते, इतके सामान्य. त्याचा सांभाळ वर्षानुवर्षे लासे कॉलिन हे एकटे करीत होते. हे बिनपगारी छंदाचे काम आहे आणि आपली मानसिक प्रकृती बरी नसते, असे त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे लिहिलेही होते. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे मदतनीस म्हणून काम करून त्यांचा विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला. लक्ष्य होते दूरच्या यंत्रात प्रवेश देणारा एसएसएच सर्व्हर. आता गंमत अशी, की मूळ ओपनएसएसएच एक्सझेडवर मुळीच अवलंबून नाही. डेबियन, फेडोरा अशा काही वितरणांनी त्याला सिस्टमडीशी बोलता यावे म्हणून एक ठिगळ लावले होते. त्यामुळे सिस्टमडीची लायब्ररी आत आली. आणि त्या लायब्ररीच्या पाठोपाठ एक्सझेडची. तीन पायऱ्यांची ही साखळी कोणीही एका आज्ञेत पाहू शकला असता. चोराने ती पाहिली होती. घरच्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिली असावी.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघडकीस आणले, तेही प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो या कुतूहलापोटी. तोवर ती आवृत्ती काही वितरणांच्या चाचणी शाखांत पोचली होती. स्थिर शाखांत पोचण्यापूर्वी सापडली हे नशीब. चोरदरवाजा डेबियन किंवा आरपीएम पद्धतीने पॅकेज बांधले जात आहे असे दिसले तरच जागा होत असे. हाताने बांधणारे त्यातून वाचले, पण त्याचा आम्ही हाताच्या बांधणीचा गुण म्हणून बडेजाव करणार नाही. चोर गर्दीच्या घरी जातो, इतकेच. आमचा मुद्दा निराळा आहे. 'खाली काय आहे ते पाहण्याची गरज नाही' हे वाक्य ज्या दिवसांत सर्वत्र उच्चारले जात होते, त्याच दिवसांत खाली एक थकलेला माणूस एकटा होता.

आक्षेप येईल की गहू कोणी स्वतः पिकवीत नाही, तरी पोळी खातोच. खरे आहे. बँकेतल्या कारकुनाने किंवा कादंबरीकाराने जीसीसी दोनदा बांधावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे बोलणे पोळी खाणाऱ्यांशी नाहीच, आटाचक्कीवाल्याशी आहे. ज्यांचा हा धंदा आहे आणि जे हा धंदा शिकवतात, त्यांना शेत ठाऊक नसेल तर ते धान्याची पारख काय करणार? अभियांत्रिकीच्या वर्गात टोपोलॉजिकल सॉर्ट फळ्यावर शिकवला जातो: अ, ब, क, ड असे बिंदू, त्यांच्यात बाण, आणि परीक्षेत सहा गुण. त्या बिंदूंना एमपीएफआर आणि जीएमपी अशी नावे दिली तर अभ्यासक्रमाचे काय बिघडेल ते आम्हांला समजत नाही.

आणि मराठी माणसाला तर या बाबतीत बेफिकीर राहणे मुळीच परवडणारे नाही, कारण आपली अक्षरे या चळतीच्या बऱ्याच वरच्या थरावर बसतात. विंडोज एक्सपीच्या काळात जालावरचे देवनागरी वाचण्यासाठी क्लिष्ट लिप्यांच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत आणि त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागे, हे अनेकांना आठवत असेल. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्यातला अर्धा र उमटवायला युनिकोडने द्राविड भाषांतल्या र साठी ठेवलेल्या चिन्हाचा उपयोग केला. तो नीट दिसायचा तर कळफलकाने योग्य चिन्ह दिले पाहिजे, फॉन्टमध्ये त्या अर्ध्या रूपाची आकृती आणि नियम पाहिजेत, हार्फबझने ते नियम लागू करून आकृत्या निवडल्या पाहिजेत आणि फ्रीटाइपने त्या बिंदूंत रंगवल्या पाहिजेत. यांतला कोणताही थर उणा असला की आपण एकच निदान करतो: 'फॉन्ट खराब आहे.' स्वयंपाक्याचा गुरू होतो आणि दोष फॉन्टकाराच्या माथी.

फ्रीटाइप आणि हार्फबझ यांचेही नाते जीसीसी-जीलिबसीसारखेच आहे. हार्फबझ फॉन्टची माहिती फ्रीटाइपकडून घेऊ शकतो. आणि लहान आकारातले अक्षर रेखीव करताना, कोणत्या आकृत्या कोणत्या लिपीच्या हे कळायला फ्रीटाइप हार्फबझची मदत घेतो. म्हणून 'बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या जोडग्रंथात वर्षानुवर्षे सूचना दिलेली असे: आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधा, मग हार्फबझ बांधा, मग फ्रीटाइप पुन्हा बांधा. तिसरी पायरी वगळली तरी काही अडत नाही.

हा एका दुपारचा प्रयोग आहे आणि तो कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येईल. प्रत्येक पायरीनंतर 'आचाऱ्यांना' हा एकच शब्द पडद्यावर उमटवून पाहावा. पहिलीनंतर, नुसत्या फ्रीटाइपच्या आधाराने, अक्षरे सुटी दिसतील आणि मधला पाय मोडलेला ऱ उघडा पडेल. दुसरीनंतर शब्द जुळलेला दिसेल. तिसरीनंतर बहुतेक काहीच बदललेले दिसणार नाही; तेव्हा विद्यार्थ्याला विचारावे, की मग ही पायरी ग्रंथात का होती.